सुरुंगाची घंटा

बॅरिस्टरकाका कोणाकडून तिळगूळसुद्धा फुकट घेत नसत. संक्रांतीला आम्ही पोरंपोरी त्यांच्या ओट्यावर गेलो, की ते आधी घरात जात, मूठभर शेंगा नाहीतर चार बोरं घेऊन बाहेर येत, ती आमच्या हातावर ठेवत आणि मगच तिळगुळासाठी स्वतःचा हात पुढे करत. "हां, आता झाला व्यवहार," असं म्हणून तिळगूळ तोंडात टाकत. गोड बोलायचं वचन मात्र त्यांनी कधी दिलं नाही. समोरचा काय बोलतो ते ऐकल्याशिवाय आपण गोड बोलू असं आधीच कसं कबूल करायचं, असा त्यांचा सवाल असे. बायका कपाळाला हात लावत. आम्हा पोरांना मात्र ते घर आवडायचं, कारण तिथून हात रिकामा परत येत नसे.

ते बॅरिस्टर नव्हते, साधे वकीलही नव्हते. वकिली शिकायला पुण्याला गेले, दोन वर्षं राहिले आणि डिग्रीऐवजी ट्रंकभर इंग्रजी पुस्तकं घेऊन परत आले. का आले, याच्या गावात तीन-चार गोष्टी होत्या. ते स्वतः सांगत, की खोलीचं भाडं जास्त होतं आणि शिकवणं कमी. बॅरिस्टर हे नाव गावानं अर्धं थट्टेनं, अर्धं धाकानं ठेवलं, आणि पुढे थट्टा विसरली जाऊन नुसतं नाव राहिलं. नात्यानं ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वयानं त्यांच्याहून लहान. बायको लवकर गेलेली, मूल नाही. अकरा एकर जमीन, एक विहीर आणि दीड एकराची मोसंबीची बाग. त्या बागेवर त्यांचा जीव होता, पण जीव आहे असं ते कबूल करत नसत. बाग परवडते म्हणून ठेवली आहे, असं म्हणत.

आमचं गाव कोल्हारपासून दोन कोसांवर, पण कालव्याच्या वरच्या अंगाला. खाली ऊस, वर कुसळं. कालव्याचं पाणी आम्हाला टेकाडावरून दिसायचं, मिळायचं नाही. म्हणून आमच्याकडे माणसाची पत त्याच्या विहिरीवरून ठरायची, आणि पोरीला स्थळ बघताना आधी विहीर बघायचे, मग मुलगा.

काकांचा एक प्रश्न गावभर प्रसिद्ध होता: "यात तुझा काय फायदा?" सप्ताहाची वर्गणी मागायला मंडळी गेली, की ते प्रत्येकाला एकेक करून हा प्रश्न विचारत. मंडळी म्हणत, गावाचा फायदा. "गाव म्हणजे कोण? नाव सांग," काका म्हणत. मंडळी चडफडत उठत. एकदा त्यात रंगनाथ होता. काकांच्या बांधाला लागून त्याची अडीच एकराची पट्टी, नवीनच लग्न झालेलं, डोकं चलाख. तो सरळ म्हणाला, "काका, सात दिवस जेवायला चांगलं मिळतं." काकांनी त्या वर्षी दुप्पट वर्गणी दिली, आणि रंगनाथ त्या दिवसापासून त्यांचा लाडका झाला.

त्यांच्या बोलण्याला भुलणार नाही असा माणूस गावात विरळाच. ओट्यावर बसून ते मिठाचं उदाहरण देत. आपल्यापैकी समुद्र कोणी पाहिलाय? कोणी नाही. पण गाव एक दिवस तरी मिठावाचून राहिलंय? समुद्राकाठच्या माणसाला आपल्या गावाचं नाव ठाऊक नाही, त्याला कोणी हुकूम सोडला नाही, आपली दया तर त्याला मुळीच येत नाही. तरी मीठ येतं. प्रत्येकानं आपापलं पाहिलं, की सगळ्यांचं आपोआप होतं. ऐकताना वाटायचं, अरे खरंच की. आणि नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या गावची वांगी पिढ्यान्‌पिढ्या एकाच दलालाच्या गाडीत जात, तो सांगेल तो भाव. तो भाव सांगतो तेव्हा तुम्ही मान का हलवता, असं काकांनी विचारलं, आणि रंगनाथनं पहाटे स्वतःची बैलगाडी जुंपून संगमनेर गाठलं. महिन्याभरात पाच गाड्या जाऊ लागल्या आणि दलाल घरोघर येऊन चहा पिऊ लागला. ज्या जिल्ह्यात सोसायटी, साखर कारखाना, दूधसंघ ही नावं हात जोडून घेतात, तिथे हा माणूस उघड म्हणायचा, की सगळ्यांचं असतं ते कोणाचंच नसतं. पुरावा म्हणून चावडीचं मोडलेलं दार दाखवायचा. ते दार माझ्या जन्माआधीपासून मोडलेलं होतं.

माझ्यावर तर त्यांचं ऋण आहे, जरी तो शब्द त्यांना चालला नसता. मी सोळा वर्षांची असताना आई गेली. पाठीवर दोन भाऊ. वडिलांनी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, माझी शाळा बंद केली. धाकटे हाताशी येईपर्यंत सुमननं घर सांभाळायचं, असं ठरलं. आत्यांनी डोळे पुसत माझ्या पाठीवरून हात फिरवला, किती शहाणी पोर म्हणाल्या. मीही शहाणी असल्यासारखी मान खाली घालून बसले होते. बॅरिस्टरकाका उंबऱ्याशी उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, तुमचा फायदा कळला. पोरांचा कळला. यात हिचा काय फायदा?"

माझा म्हणून काही फायदा असू शकतो, हे मला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं ते आईसाठी नव्हे, हे मी आज लिहून टाकते. पुढे दोन वर्षं वादावादी झाली, पण मी मॅट्रिक झाले, संगमनेरला मास्तरकीचा कोर्स केला आणि गावातल्याच प्राथमिक शाळेत लागले. कोर्सला जाताना काकांनी मला स्वतःची ट्रंक दिली. त्या बदल्यात मी दर सुट्टीत त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, असा करार होता, आणि त्यांनी तो एकही सुट्टी न चुकवता वसूल केला.

त्यांच्याकडे किसन नावाचा सालगडी होता. काळासावळा, बुटका, हसला की वरची हिरडी दिसायची. गावातले बाकीचे मालक गड्याला जुनं धोतर देत, सणाला पुरणपोळी देत आणि वर्षभर त्याची आठवण करून देत. काका असलं काही देत नसत. मजुरी मात्र इतरांहून जास्त आणि कामाची वेळ ठरलेली. मालक म्हणू नकोस, तू काम विकतोस आणि मी घेतो, असं त्यांनी किसनला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. किसनला याचं फार अप्रूप होतं. "काका कदी उपकार केल्यावानी बोलत न्हाईत," असं तो पारावर सांगायचा. त्याची बायको हौसा आणि चार पोरं. थोरली सिंधू माझ्या वर्गात होती.

मग बहात्तर साल आलं. आदल्या वर्षीही पावसानं पाठ दाखवली होती, या वर्षी तर आभाळात ढग दिसला तरी तो कोणाच्या तरी चुलीचा धूर असे. लोक खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले. मीठ येत होतं. पाणी कुठून येणार? ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनी त्या खाली न्यायला घेतल्या. मुरूम संपून काळा खडक लागलेला होता, त्यामुळे सुरुंगाशिवाय इलाज नव्हता. पहारीनं भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवायची आणि वर पळायचं.

सुरुंगाला आमच्याकडे एक रीत होती. सगळ्या शिवारातले सुरुंग दिवसातून एकदाच, दुपारी उडायचे. शाळेच्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, ती आमची घंटा. दुपारची सुट्टी झाली, की तीच घंटा पुन्हा लांबलचक बडवायची. ती ऐकून शिवारातल्या प्रत्येक विहिरीतला प्रत्येक माणूस वर यायचा, सुरुंग असो वा नसो. बायका त्याच वेळी भाकरी घेऊन आलेल्या असत. मग उगवतीच्या विहिरीपासून एकेकानं वात लावायची. माणसं लांब झाडाखाली भाकरी खात बसत, पोरं बार मोजत. ही रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. हेडगुरुजींचा खांदा दुखायचा, म्हणून ती लांब घंटा माझ्याकडे आली होती. भर उन्हात लोखंडावर लोखंड हाणायचं आणि पार टोकाच्या विहिरीतला माणूस वर आलेला दिसेपर्यंत थांबायचं नाही. माझ्या तळहाताला घट्टे पडले.

काकांना ही रीत म्हणजे शुद्ध मूर्खपणा वाटे. रंगनाथची भोकं सकाळी नऊलाच तयार होत, मग तीन तास तो हात चोळत बसे. दिवसाला एकच बार, म्हणजे दिवसाला हातभरच खोली, आणि पाणी तर त्याहून वेगानं खाली चाललेलं. एके दिवशी रंगनाथनं घंटेची वाट न बघता दहालाच बार उडवला. संध्याकाळी चावडीत त्याला बोलावलं, आणि काका त्याच्या बाजूनं उभे राहिले. ज्याची विहीर त्याची वेळ, ते म्हणाले. आपापल्या विहिरीच्या कडेला आपापला माणूस उभा करा, तो ओरडेल. स्वतःचा जीव सांभाळायला कोणाला घंटा लागत नाही.

माझे वडील कोपऱ्यात तंबाखू मळत बसले होते. ते फारसे बोलत नसत. ते म्हणाले, "बांध वरती हाय, बॅरिस्टर. खाली बांध न्हाई."

पण तोवर तरण्या माणसांना रंगनाथचं पटलेलं होतं. ठराव असा काही झालाच नाही. लोक उठले आणि मोडक्या दारातून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घंटा बडवत असताना काका शाळेत आले. माझे घट्टे बघितले. "तुला पगार शिकवण्याचा मिळतो, सुमन," ते म्हणाले. "या घंटेत तुझा काय फायदा?" ज्या प्रश्नानं मला चुलीपुढून उठवलं, तोच प्रश्न. त्याला नाही म्हणायचं कसं, हे मला येत नव्हतं. त्यातून हात दुखत होता, हेही खरंच. पुढच्या दिवसापासून मी सुट्टीचे तीन टोले देऊन थांबू लागले. लांब घंटा का वाजली नाही, असं मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतरच्या महिन्यांत बार केव्हाही उडू लागले. पोरं आधी दचकत, मग दचकेनाशी झाली. विहिरींच्या कपारीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पारवे एका आठवड्यात उठून गेले. साप दिवसाढवळ्या वाटेवर येऊन पडत. आणि खोलीनं भागेना, तेव्हा लोक आडवे घुसले. विहिरीच्या तळातून एखाद्या अंगाला माणूस पोटावर सरपटत जाईल एवढं भुयार काढायचं, झरा लागेल तिथवर. शाळेत मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, की पायाखालून ठक, ठक असा आवाज यायचा. कोणाची पहार कुठवर आली आहे, काही कळायचं नाही. सिंधूनं एकदा पाटी जमिनीवर ठेवली तर पाटीवरची पेन्सिल आपोआप घरंगळली. वर्ग हसला. मी हसले नाही.

कोणाचं भुयार किती लांब आहे, हे कोणी सांगत नसे. सांगितलं तर शेजारी त्याच्या पुढे जाईल. रंगनाथला एकदा शंका आली, निदान बांधावरच्यांना तरी सांगावं का? तो काकांकडे गेला. मी तेव्हा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. काका म्हणाले, तुझ्या भुयाराची लांबी ही तुझी मालमत्ता आहे, ती मलासुद्धा सांगू नकोस. रंगनाथ थोडा घुटमळला. मला वाटतं, त्याला काही सांगायचं होतं. मग तो चहा पिऊन गेला. काकांनी तत्त्वाला धरून सल्ला दिला होता, त्यात स्वतःचाही अपवाद केला नव्हता, आणि मला त्या वेळी त्यांचा अभिमानच वाटला.

त्यांच्या विहिरीच्या तळाशी आता डबकंच उरलं होतं. किसन रोज सकाळी उतरायचा, तांब्यानं बादली भरायचा, वरून काका रहाटानं ती ओढायचे. ते पाणी मोसंबीच्या बुडाशी पुरलेल्या मडक्यांत जायचं. दीड एकरातली वीसेक झाडं अजून हिरवी होती. काका रोज ती झाडं हात लावून बघत.

उन्हाळ्यातली सकाळ होती, शाळा सकाळचीच. मी पाढे म्हणून घेत होते. एक बार झाला, पण तो नेहमीसारखा उघडा झाला नाही. जमिनीनं गिळल्यासारखा आतल्या आत झाला आणि भिंतीवरचा नकाशा खाली पडला. नेहमी बार झाल्यावर वर उडालेले दगड पडल्याचा आवाज येतो, शिवारभर गारा पडल्यासारखा. आम्ही सगळे नकळत त्या आवाजाची वाट बघत राहिलो.

"बाई, दगड पडले न्हाईत," सिंधू म्हणाली.

मी धावत गेले तेव्हा काकांच्या विहिरीतून धूळ वर येत होती. ते रहाटाचा दोर दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि दोराला काही वजन नव्हतं. रंगनाथचं भुयार बांधाखालून येऊन त्यांच्या विहिरीच्या भिंतीला भिडलेलं होतं. मधे वीतभर खडक उरला होता. रंगनाथनं शेवटचा सुरुंग तिथेच ठासला, आणि तो खडक आतल्या अंगाला, किसनवर आला. रंगनाथ पलीकडून पळत आला आणि विचारू लागला, काय झालं, काय झालं? त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यानं आपल्या विहिरीच्या कडेला माणूस उभा केला होता, तो तीनदा ओरडला होता, त्याची चारही माणसं वर आली होती. त्यांच्यापैकी कोणाला ओरखडासुद्धा नव्हता.

किसनला वर काढायला दुपार झाली. ती वेळ घंटेची होती. मी वाजवत असते तर त्या वेळेपर्यंत कोणी वात लावली नसती, आणि वात लागली तेव्हा किसन भाकरी खात बसलेला असता. मला हे कोणी म्हणालं नाही. सिंधूला घरी पोचवताना तिनं माझ्या हाताचं एक बोट धरलं होतं, एवढं मला आठवतं.

पंचनामा झाला. काकांनी जबाब दिला, की रंगनाथची चूक नाही. त्यानं आपल्या जागेत, आपल्या वेळेला, नीट इशारा देऊन काम केलं. तो अपघात ठरला आणि कागद मिटला.

चौथ्या दिवशी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्या सकाळी विहिरीत उतरायच्या आधी किसन थांबला होता, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. भिंतीला कान लावून तो म्हणाला होता, "काका, आज आवाज लई जवळून येतोय. दुपारच्याला उतरू का?"

"मी त्याला जबरदस्ती केली नाही," काका म्हणाले. "मी म्हटलं, तुझी मर्जी, किसन. नसेल उतरायचं तर नको उतरू."

मी विचारलं, "आणि तो नाही उतरला असता तर?"

"तर नसता उतरला. मी काही बोललो नसतो."

"आणि साल संपल्यावर त्याला पुन्हा ठेवला असता?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या, पुन्हा काढल्या. असं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पाणी नसलेल्या गावात चार पोरांचा बाप, त्याला ठरलेली मजुरी देणारा एकच माणूस, आणि तो माणूस रहाटाला हात लावून म्हणतोय, तुझी मर्जी. किसन त्यावर हसला असणार, हिरडी दाखवून. मग दोराला धरून उतरला असणार. काका उठताना पुन्हा एकदा, कोणाला तरी विचारावं तसं, "मी म्हटलं होतं, तुझी मर्जी," असं म्हणाले.

त्या महिन्यात बाग वाळली. त्यांनी विहिरीत कोणाला उतरू दिलं नाही. पाऊस त्याच वर्षी आला, चांगला आला, पण मोसंबीला त्याचा उपयोग नव्हता. पावसाळा सरता सरता काकांनी रस्त्याकडेची दोन एकर जमीन हौसाच्या नावावर करायचा कागद केला. तो वाचून दाखवायला मला बोलावलं. हौसा भिंतीला टेकून बसली होती, धाकटं मांडीवर. मी वाचत होते आणि काका दाराबाहेर, पायात चपला तशाच ठेवून, उभे होते. कागद संपला. ते म्हणाले, हौसाबाई, तुम्हाला घ्यायचं नसेल तर, आणि तिथेच थांबले. पुढचा शब्द काय येणार होता, ते आम्हा तिघांनाही कळलं.

हौसानं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "घेते मी, काका," ती म्हणाली. "चार तोंडं हायेत, न्हाई कशी म्हनू? पन हौसानं मर्जीनं घेतलं, असं कुटं बोलू नका."

तिनं अंगठा दिला. काका वळून निघाले, ते रस्त्यानं न जाता नांगरटीतून, ढेकळं तुडवत गेले.

त्यानंतर त्यांनी कोणाला कसला फायदा विचारल्याचं मी ऐकलं नाही. ओट्यावरची बैठक मोडली. आणि एके दिवशी दुपारी, मी तीन टोले देऊन हातोडा खाली ठेवला, तेव्हा ते लिंबाखाली उभे होते. त्यांनी हातोडा उचलला आणि लांब घंटा बडवायला सुरुवात केली. तोवर विहिरी भरलेल्या होत्या, शिवारात कोणी खोदत नव्हतं. तरी टोकाच्या विहिरीपर्यंत नजर लावून, माणसं वर यायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ ते ती बडवत राहिले. ते रोज येऊ लागले. सुरुंग नसलेल्या शिवारावर ती घंटा ऐकवत नसे. रानात काम करणाऱ्या बाया हातातलं टाकून उभ्या राहत आणि एकमेकींकडे बघत, कोण खाली आहे म्हणून. रंगनाथ घंटा सुरू झाली की आपल्या विहिरीच्या कडेला येऊन उभा राहायचा आणि ती थांबेपर्यंत पाण्याकडे बघत राहायचा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण त्यात भांडण नव्हतं.

मी बदली मागून घेतली. नगरजवळ नागापूरला कारखान्यांच्या शेड उठत होत्या, तिथल्या कामगारांच्या पोरांसाठी शाळेत शिक्षक हवे होते. गावातल्या जमिनीवर मला आता चालवत नव्हतं. वडिलांना सांगितलं, ते हो म्हणाले. निघायच्या दिवशी काकांना सांगायला मी शाळेत गेले, कारण दुपारी ते कुठे असतील हे ठरलेलं होतं. घंटा संपलेली होती. ते घामानं भिजून लिंबाच्या बुंध्याला टेकले होते, आणि त्यांच्या तळहातावर तेच घट्टे होते.

मी ठरवून गेले होते. किसन गेल्यापासून जे कोणी मला म्हणालं नव्हतं, ते मीच म्हणाले. घंटा मी बंद केली होती, काका.

त्यांनी हातोडा बुंध्याशी ठेवला. मग म्हणाले, "नाही. माझा शब्द तुला मोडवत नव्हता. ती तुझी मर्जी नव्हती, सुमन. तू जा आता, गाडी चुकेल."

मला त्यांना काहीतरी द्यावंसं वाटलं. शेंगा, बोरं, काहीही. माझ्याजवळ त्यांचीच ट्रंक होती, ती मी पुढे केली. त्यांनी मान हलवली, नको. मी गाडीत बसले, रस्त्यावर हौसाची दोन एकर लागली, तिच्यात बाजरी उभी होती.

पुढे त्यांची आणि माझी भेट झाली नाही. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढे गेले आहे. कोणी मला म्हणालं, बाई, तुमची मर्जी, की मी आधी बोलणाऱ्याच्या हाताकडे बघते, दोर कोणाच्या हातात आहे म्हणून. आणि लिंबाखालचं ते वाक्य आठवतं. बॅरिस्टरकाकांनी जन्मभरात मला फुकट दिलेली तेवढी एकच गोष्ट, आणि ती मला अजून घेता आलेली नाही.